भावी नगराचे बालशिल्पी



अमेरिकेत गेल्या तीसहून अधिक वर्षांपासून ‘फ्यूचर सिटी’, म्हणजे ‘भावी नगर’, या नावाची एक स्पर्धा भरत आली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांतील मुलेमुली तीत उतरतात. शंभर वर्षांनंतरचे नगर कसे असावे याची कल्पना त्यांनी करावयाची, त्यावर निबंध लिहावयाचा आणि टाकाऊ वस्तूंतून त्या नगराची प्रतिकृती उभारावयाची. खर्चाची मर्यादा अवघी १०० डॉलर. म्हणून पुठ्ठे, बुचे व मोडकी खेळणी हेच बांधकामाचे साहित्य!

प्रत्येक चमूसोबत एक शिक्षक व एक मार्गदर्शक असतो. हा मार्गदर्शक बहुधा इंजिनियर असून आपला वेळ तो विनामूल्य देतो. मात्र काम मुलांचेच असले पाहिजे, असा दंडक आहे. त्याने समजावून सांगावे, प्रश्न विचारावेत. हात मुलांचेच चालावेत.

वाचकहो, हा दंडक पाळणे दिसते तितके सोपे नव्हे. मुलाच्या हातून पूल वाकडा झाला की जाणत्या माणसाचे हात शिवशिवतात. तो पूल क्षणात सरळ करतो. पूल सुधारतो, पण मूल जेथे होते तेथेच राहते. नासरेथच्या सुताराने रंधा कधी बाळ येशूच्या हाती दिलाच नसता, तर ‘सुतार’ हे नाव प्रभूला कसे लाभले असते? संत योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानात नमूद नाही. थोडे बोलणारा आणि पुष्कळ करू देणारा गुरू तो हाच, असे आम्हांस वाटते.

२०१७-१८ च्या स्पर्धेचा विषय तर विशेष मननीय होता. वृद्धांना नगरात स्वावलंबनाने व उमेदीने जगता यावे म्हणून कोणते उपाय योजाल, असे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना विचारण्यात आले. ज्यांचे गुडघे अजून दुखत नाहीत, त्यांनी दुखऱ्या गुडघ्यांचा विचार करावयाचा! शेजारप्रीतीचा याहून चांगला धडा कोणता?

हा धडा गिरवावयास अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून मिस्सेला मुकणाऱ्या आजी पुष्कळ धर्मग्रामांत आढळतील. अर्ध्या अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार धरतात. म्हणजे अठरा फूट उतार हवा. तो अंगणात मावेल काय? वळण कोठे द्यावे? कठडा कोणत्या बाजूस? पावसाचे पाणी कोठे जाईल? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी फूटपट्टी घेऊन हे मोजावे, आजींनाच विचारावे, पुठ्ठ्याचा नमुना करावा. नमुना फसला तर पुन्हा करावा.

आपल्यांत इंजिनियर आहेत, ओव्हरसिअर आहेत, निवृत्त झालेले कुशल गवंडी व सुतारही आहेत. रविवारी मिस्सेनंतर एक तास त्यांनी या मुलांना द्यावा, अशी आमची विनंती आहे. वर्गणी मागण्याचे प्रसंग आम्हांवर वारंवार येतात; आज मात्र आम्ही पैसा मागत नाही. तुमची विद्या मागतो, आणि तिच्यासोबत थोडा धीर.

परदेशी बंदिवासात गेलेल्या आपल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने निरोप धाडला होता, की ज्या नगरात राहता त्याचे कल्याण साधा. ते कल्याण एखाद्या उतारापासूनही आरंभता येईल.