दोन भाषा शिकवल्या, बातमी कोण शिकवणार?

नोव्हेंबरच्या २ तारखेला बेळगावातल्या कुठल्याही पेपर स्टॉलपुढे उभे राहावे. कन्नड वर्तमानपत्रांत लाल-पिवळ्या ध्वजांचा राज्योत्सव दिसतो, मराठी वर्तमानपत्रांत काळ्या दिनाची फेरी. आदला दिवस एकच, शहर एकच, रस्तेही बहुतेक तेच. आपल्या सीमाभागातल्या मुलाला या दोन्ही लिपी वाचता येतात. पुण्या-मुंबईच्या मुलाजवळ नसलेली ही दौलत आहे. पण ही दोन पाने एका बाकावर शेजारी शेजारी ठेवून ‘आता सांगा, काल काय घडले?’ असे विचारणारा तास आपल्या शाळांच्या वेळापत्रकात नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे.

निबंध, पत्रलेखन, सारांशलेखन, सगळे आपण शिकवतो. बातमी तेवढी शिकवत नाही. मुलगा बातमी वाचतो म्हणजे त्याला ती कळते, असे आपण धरून चालतो. ही समजूत किती महाग पडते ते पाहा.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुले पळवणारे’ समजून जमावाने मारले. पुढे दोनच आठवड्यांत, आपल्यासारख्याच सीमेवरच्या बिदर जिल्ह्यात, मुर्की गावाजवळ हैदराबादचा एक तरुण याच संशयावरून मारला गेला. त्याने मुलांना चॉकलेट वाटले, एवढेच निमित्त. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो, तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. ‘ही फीत कुठली? पुढे काय होते?’ एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्या गर्दीतल्या दहा जणांना असती तर?

आपल्या दाराशी या. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली. त्यानंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितले की, मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी वाद चिघळवला. महाराष्ट्रातल्या विरोधकांनी लगेच या खुलाशावरच शंका घेतली. मजकूर खरा की बनावट, यावर राज्यकर्त्यांचे एकमत होत नाही, तिथे निपाणीच्या नववीतल्या पोराने काय करावे? आलेला मेसेज तो पुढे धाडतो. आणि उद्या दगड उचलला तर पोलिसांच्या कागदावर नाव येते ते त्याचे. मेसेज लिहिणारा नामानिराळाच राहतो.

कुणी म्हणेल, ‘शाळेत राजकारण नको, सर.’ मान्य! पण राजकारण शाळेत यायचे थांबले आहे कुठे? ते मोबाईलमधून पोराच्या खिशात बसून येते. दाराबाहेर ठेवले आहे ते फक्त त्याची पारख करण्याचे शिक्षण.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा, आणि तो मला अधिक बोचतो. ‘त्यांचे पेपर आपल्या पोरांनी कशाला वाचायचे? अशाने निष्ठा पातळ होते.’ अहो, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, तो घोषणांवर उभा आहे की कागदपत्रांवर? आपली बाजू न्याय्य आहे असे आपण म्हणतो. मग तिला तपासणीचे भय कशाला? समोरचा काय छापतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आपली बाजूही नीट मांडता येत नाही.

हा तास कसा घ्यावा तेही सांगतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल घ्या. एका बाजूला तो ‘अंतिम’, दुसऱ्या बाजूला ‘अन्यायकारक’. मुलांना आधी विचारा, त्यात आहे काय? बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवावे, निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, आणि महाराष्ट्रातली २४७ गावे म्हैसूरकडे जावीत, अशी शिफारस होती. यातली कोणती ओळ कोणत्या पेपरात येते आणि कोणती गळते, हे मुलांनीच शोधावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात कंडक्टर आणि प्रवाशांच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. त्या प्रकरणाच्या पहिल्या दिवशीच्या आणि पंधरा दिवसांनंतरच्या बातम्या दोन्ही भाषांत समोर ठेवाव्यात. कुणी पाहिले, कुणी सांगितले, कुणाला विचारलेच नाही, मथळ्यात आहे ते मजकुरात आहे का, एवढे प्रश्न पुरेत. २०१४ साली नाव बदलल्यावर कोण ‘बेळगाव’ लिहितो आणि कोण ‘बेळगावी’, यावरही एक तास रंगेल.

हे अशक्य नाही. लसीकरणाविषयीच्या अफवांनी त्रस्त झालेल्या केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास १५० सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग चालले. कन्नूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना जे सुचले ते आपल्या संस्थाचालकांना का सुचू नये?

आणि हे परके खूळही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, ते एका पानावर दोन स्तंभ करून, एकात मराठी, एकात इंग्रजी. मराठी वृत्तपत्राचा जन्मच द्विभाषिक आहे. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ सुरू केला त्यालाही १९१९ पासून शंभरावर वर्षे झाली. एवढी परंपरा सांगणाऱ्या मुलखात वाचक घडवण्याचे काम मात्र कुणाचेच नाही!

म्हणून माझे मागणे थोडके आहे. मुख्याध्यापकांनी आठवड्याचा एक तास द्यावा आणि शाळेत एक मराठी, एक कन्नड दैनिक लावावे. संपादकांनी महिन्यातून एकदा शाळेत येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि आपली चूक दाखवली तर ती छापावी. पालकांनी घरातल्या मोबाईलवर आलेला मेसेज पुढे धाडण्याआधी पोराला विचारावे, ‘बाळ, हे कुणी लिहिलंय, बघ जरा.’ येत्या ६ जानेवारीला पत्रकार दिनाचे हारतुरे होतीलच. त्याच दिवशी पहिला तास घ्यावा.