टर्कीचा मीटलोफ : कोरडा नको, कच्चाही नको

लेक परदेशी असली तरी बाळंतपणाला आईच लागते. मीही न्यू जर्सीला गेले. लेकीला आठवा महिना, नोकरी चालूच. संध्याकाळी दमून घरी यायची. म्हणाली, "आई, रोज भाकरी-कालवण नको करत बसू. फ्रीजमध्ये टर्कीचा खिमा आहे, त्याचा मीटलोफ कर. एकदा ओव्हनमध्ये ठेवला की तासभर बघायला नको."

मीटलोफ म्हणजे खिम्याला अख्ख्या पावाचा आकार देऊन भाजायचा आणि वड्या कापून वाढायचा. अमेरिकेत हा मेजवानीचा नाही, रोजच्या जेवणातला पदार्थ आहे. १९३० च्या दशकात तिथे मोठी मंदी आली, लाखोंचे रोजगार गेले. तेव्हा थोड्या मांसात शिळा पाव किंवा ओट कालवून ते सगळ्या घराला पुरवायची ही युक्ती फार कामी आली. हे ऐकले आणि मला माझी आई आठवली. पावशेर मटण आणि खाणारी नऊ तोंडे. ती रस्सा वाढवायची. देश वेगळा, पण चुलीपुढच्या बाईची चिंता तीच.

माझा पहिला मीटलोफ विटेसारखा कोरडा झाला. टर्कीत चरबी कमी असते, म्हणून जास्त भाजली की ती कोरडी पडते. दुसऱ्या वेळी मी वेळ कमी केला. वरून छान तांबूस दिसला. लेक घास घेणार, तेवढ्यात माझी नजर मधल्या वडीवर गेली. आत गिळगिळीत, कच्चा! माझ्या काळजात धस्स झाले. शेजारच्या आजीबाईंना सांगितले, तर त्यांनी आपला स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून माझ्या हातात ठेवला.

कोंबडी किंवा टर्कीच्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. मांस दळले की वरचे जंतू आत सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा मध्यभागापर्यंत शिजलाच पाहिजे. गरोदर बाई, लहान मूल आणि म्हातारी माणसे यांना यापासून जास्त धोका. अमेरिकेच्या शेतीखात्याने टर्कीच्या खिम्यासाठी १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ अंश सेल्सिअस, हे माप सांगितले आहे. नुसत्या रंगावर विसंबू नये.

साहित्य : टर्कीचा खिमा दोन पौंड (सुमारे ९०० ग्रॅम), पावाचे चार स्लाइस, अर्धा कप दूध, दोन अंडी, एक मोठा कांदा, चार लसूण पाकळ्या, दीड चहाचा चमचा मीठ, मिरपूड, कोथिंबीर, अर्धा कप टोमॅटो केचप.

कृती : पाव कुस्करून दहा मिनिटे दुधात भिजवा. हा भिजलेला पाव पाणी धरून ठेवतो, म्हणून मीटलोफ मऊ राहतो. कांदा-लसूण बारीक चिरून तेलात परता आणि गार करा. केचप सोडून सगळे एकत्र करा, पण कणकेसारखे मळू नका. मळले तर घट्ट होते. तेल लावलेल्या पावाच्या भांड्यात भरा, वर निम्मे केचप लावा. ओव्हन आधी ३५० अंश फॅरनहाइटवर (१७५ सेल्सिअस) तापवून घ्या आणि तास-सव्वा तास भाजा. शेवटची पंधरा मिनिटे राहिली की उरलेले केचप लावा. थर्मामीटरचे टोक मधोमध खुपसून पाहा. १६५ आले की लगेच काढा, म्हणजे कच्चाही नाही आणि कोरडाही नाही. दहा मिनिटे तसाच ठेवा, मग कापा.

कच्चा खिमा धरलेले हात साबणाने धुवावेत, पाटी-सुरी वेगळी ठेवावी. उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा. दुसऱ्या दिवशी पावात घालून डब्याला छान लागतो.

खिमा घेताना पाकीट वाचा. टर्की म्हटले की चरबी कमीच, असे नाही. कातडीसकट दळलेल्या खिम्यात ती बरीच असते. ९३ टक्के मांस आणि ७ टक्के चरबी असा मिळाला तर चांगला. केचपातही मीठ-साखर असते, तेव्हा रक्तदाब वा मधुमेह असलेल्यांनी हात आखडता घ्यावा.

आपल्याकडे टर्की सहज मिळत नाही. कोंबडीच्या खिम्याचाही असाच करता येतो, मापही तेच, ७४ अंश.

तिसरा मीटलोफ लेकीने दोन वड्या मागून खाल्ला. परत येताना तिला एक नवा थर्मामीटर घेऊन दिला. अंदाज आपल्या हाताला असतोच, पण पोटात जीव असताना अंदाजावर राहू नये.