वॅट मोजू नका, पोर्ट मोजा

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. एका मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. "अरे, टीव्ही नुसता निळा झालाय. मी काही केलं नाही बरं का!" तिने खरंच काही केलं नव्हतं. सकाळी शाळेत जाण्याआधी मुलाने गेम खेळून इनपुट बदलून ठेवला होता. टेबलावर चार रिमोट, त्यातला कुठला उचलायचा हे फोनवर सांगणं अशक्य. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजारी बोलायला कुणी नाही. मी सहाला घरी पोहोचेपर्यंत ती खिडकीपाशी बसून होती.

त्या शनिवारी मी होम थिएटर रिसीव्हर शोधायला बसलो. आमच्याकडची यादी तुमच्या घरातल्यासारखीच असेल: स्ट्रीमिंग स्टिक, मराठी वाहिन्यांसाठी घेतलेला वेगळा बॉक्स, केबल बॉक्स, गेम कन्सोल, ब्ल्यू-रे प्लेअर, अधूनमधून लॅपटॉप. सहा यंत्रं, आणि टीव्हीला एचडीएमआय पोर्ट चार. एका हौशी मित्राने हजार डॉलरचा, नऊ चॅनेलचा, सात इनपुटांचा रिसीव्हर सुचवला. मी त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा, पाच चॅनेलचा, चार इनपुटांचा घेतला. माझं मत असं की आपल्यापैकी बहुतेकांना तेवढाच पुरतो, फक्त कुठली वायर कुठे जाते याचा आधी कागदावर विचार करायला हवा.

गणित सोपं आहे. टीव्हीच्या चार पोर्टांपैकी ज्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं तो रिसीव्हरला द्यायचा. उरले तीन. रिसीव्हरचे चार. एकूण सात. लोक विसरतात ते हे, की सगळी यंत्रं रिसीव्हरमधूनच गेली पाहिजेत असं मुळीच नाही. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून टीव्हीतला आवाज त्याच केबलने उलटा रिसीव्हरकडे येऊ शकतो. हा एआरसी. त्याची वाट अरुंद आहे, स्ट्रीमिंगचा दाबून बसवलेला डॉल्बी आवाज त्यातून सुखाने जातो, पण ब्ल्यू-रेचा पूर्ण आवाज मावत नाही. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर ईएआरसी आला आणि वाट कितीतरी पटींनी रुंद झाली. म्हणून स्वस्तातला रिसीव्हर घेताना माझा एकच हट्ट: ईएआरसी हवा. तो टीव्हीतही हवा, एका बाजूला असून उपयोग नाही.

गेम कन्सोल थेट टीव्हीत लावा. सेकंदाला १२० चित्रांचा फोर-के गेम एचडीएमआय २.० च्या १८ गिगाबिटमध्ये बसत नाही. एचडीएमआय २.१ ची मर्यादा ४८ गिगाबिटपर्यंत आहे, आणि महाग रिसीव्हरचे जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी अशा पोर्टांसाठी असतात. कन्सोल टीव्हीत गेला की ते पोर्ट तुम्हाला लागतच नाहीत. अर्थात टीव्हीचा तो पोर्ट २.१ चा आहे ना, हे आधी बघून घ्या. कित्येक टीव्हींवर असे दोनच असतात आणि त्यातला एक ईएआरसीचा निघतो.

आता वॅट. खोक्यावर "प्रत्येक चॅनेल १४० वॅट" असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा बहुधा एकच चॅनेल चालू ठेवून, एक किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर, आवाज दहा टक्के बिघडेपर्यंत ताणून काढलेला असतो. असल्या आकड्यांना लगाम घालायला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच नियम केला होता आणि २०२४ मध्ये त्यात चाचणीच्या अटी पक्क्या केल्या: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती एक टक्क्याहून कमी. बारीक अक्षरांत तो आकडा शोधा, १४० चे ८० झालेले दिसतील. पण निराश होऊ नका. कान लॉगरिदमने ऐकतो. ८० आणि १४० वॅटमधला फरक अडीच डेसिबलसुद्धा भरत नाही, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. नेहमीचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आपलं बोलणं ६० चं. दिवाणखान्यात तुम्ही बहुतेक वेळ एक-दोन वॅटवरच असता. बाकीची शक्ती स्फोट आणि ढोल-ताशांपुरती.

तरीही आमचा खरा प्रश्न सुटला तो एका पिनेमुळे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी तेराव्या पिनेवर 'सीईसी' नावाची एक संथ तार असते, सेकंदाला जेमतेम ४०० बिट. त्या तारेवर यंत्रं एकमेकांशी बोलतात. स्टिकचं बटण दाबलं की ती सांगते, "आता मी", मग टीव्ही जागा होतो, रिसीव्हर इनपुट बदलतो. आईला एकच रिमोट पुरायला हवा होता. पण पहिला आठवडाभर मराठी वाहिन्यांचा बॉक्स कधी ऐके, कधी नाही. कारण गमतीदार होतं. प्रचलित सीईसीच्या नियमांत चित्र दाखवणाऱ्या प्लेअर-जातीच्या यंत्रांसाठी पत्ते फक्त तीन आहेत, टीव्हीत लावा की रिसीव्हरमध्ये. आमच्याकडे अशी चार होती. जो शेवटी जागा होई तो बेघर. ब्ल्यू-रेच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं सीईसी बंद केलं आणि भांडण मिटलं. (प्रत्येक कंपनीने सीईसीला स्वतःचं वेगळं बारसं केलेलं आहे, त्यामुळे मेनूत हे तीन शब्द शोधून सापडतीलच असं नाही.) दुकानात असलं काही सांगत नाहीत. हजार डॉलरच्या रिसीव्हरनेही पत्ते तीनाचे चार केले नसते.

जुन्या व्हीएचएस टेप असतील तर एक सावधगिरी. स्वस्त रिसीव्हरवर पिवळा व्हिडिओ इनपुट असला तरी ते चित्र एचडीएमआयमधून बाहेर येईलच असं नाही. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर तक्ता असतो, तो घेण्याआधी उतरवून वाचा. शिवाय भारतातल्या लग्नाची टेप पॅलमधली, ६२५ ओळी आणि ५० हर्ट्झची. इथला व्हीसीआर एनटीएससीचा, ५२५ ओळींचा. रिसीव्हर कितीही भारी घेतला तरी ही अडचण तशीच राहते. त्या टेप एकदा डिजिटल करून घेणंच बरं, उशीर होण्याआधी.

आणि रिसीव्हर पुढेमागे पुण्याला न्यायचा बेत असेल तर मागची पट्टी वाचा. तिथे फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तिकडच्या २३० व्होल्टसाठी सोबत जाडजूड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न्यावा लागेल, आणि त्याचं वजन रिसीव्हरइतकंच भरेल. मी आमचा इथेच ठेवणार आहे. आई पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा येते आहे.