अर्थशास्त्राच्या तासाला शेतमजूर कुठे आहे?

१ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि पुणतांब्याचे नाव देशभर झाले. दूध, भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला. त्याच महिन्यात सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. गोदाकाठच्या या गावाने अर्थशास्त्राचा मोठा धडाच घालून दिला.

या भागातली आपली मुलेमुली कोपरगाव, श्रीरामपूरला कॉलेजात जातात. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा संप यावा, असे आम्हांस वाटते. पण तो पुरा यावा. कर्जमाफी मिळते ती सातबारा आणि बँकेचे कर्ज असणाऱ्याला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या उसात, कांद्यात रोजाने राबतो, त्याचे कर्ज सावकाराचे किंवा दुकानदाराचे. ते कोणत्या माफीत बसते? हा प्रश्न अभ्यासात नसेल तर मुलाला पदवी मिळेल, पण आपल्या आईच्या मजुरीचा हिशेब कळणार नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले की शेती सुधारेल, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. बाबासाहेबांनी दुखणे वेगळे दाखवले. तुकडा केवढा आहे एवढेच पाहू नका. त्यावर भांडवल, अवजारे किती आणि पोटे किती, ते पाहा. उद्योग वाढवा, म्हणजे शेतीवरचा माणसांचा भार उतरेल. हा निबंध थोर विचारवंतांच्या यादीत दोन ओळींत उरकू नये. शेतीच्या प्रकरणातच तो शिकवावा.

अभ्यासक्रम आभाळातून पडत नाही. विद्यापीठाचे अभ्यास मंडळ तो ठरवते. विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हवेत, असा आग्रह बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात धरला होता. आपणही प्राध्यापकांमार्फत मंडळाकडे लेखी मागणी करू शकतो.

आता पदवीच्या अभ्यासात क्षेत्र प्रकल्प असतो. मुलांनो, तो आपल्याच वस्तीवर करा. दहा घरे घ्या. वर्षात काम किती दिवस मिळाले, बाईला रोज किती, पुरुषाला किती, कर्ज कोणाचे, व्याज किती, सारे वहीत लिहा. ती वही मागणीला जोडा.

आणि आईबापांनी ‘पास झालास का?’ एवढेच विचारू नये. ‘काय शिकलास?’ हेही विचारावे.