जोडीतली दुसरी

महूसारख्या छावणीच्या गावात टेनिस म्हटले की चौघांचा खेळ डोळ्यांपुढे येतो. कोर्टे मोजकी, वाट पाहणारे जास्त आणि गुडघे पन्नाशी ओलांडलेले. मग दुहेरीशिवाय गत नसते. त्यामुळेच की काय, एकेरी झेपत नाही त्यांनी खेळायची ती दुहेरी, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. पेस, भूपती, सानिया, बोपण्णा यांची बहुतेक मोठी विजेतेपदे दुहेरीतली असूनही हा समज हलत नाही. त्याचा तोटा सर्वांत आधी मुलींना होतो.

बार्शीची प्रार्थना ठोंबरे पाहा. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर तिने कांस्यपदक मिळवले. उपांत्य फेरीत समोर तैवानची जोडी होती, त्यात सु-वेई हसिए होती, आणि निकाल सुपर टायब्रेकवर गेला. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिक. दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला आपल्या देशाची जोडीदार बरोबर घेऊन थेट प्रवेश मिळत होता. सानिया तेव्हा अव्वल होती. तिच्या क्रमांकाच्या बळावर सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टवर उतरली. चीनच्या पेंग शुआई आणि झँग शुआई यांच्याशी सामना तीन सेट, सुमारे पावणेतीन तास चालला. शेवटचा सेट ५-७ असा गेला आणि पहिल्याच फेरीत सारे आटोपले.

त्याच स्पर्धेत महिला दुहेरीच्या कांस्यपदकासाठी झेक प्रजासत्ताकाच्याच दोन जोड्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. जिंकलेल्या जोडीतली एक बार्बोरा स्ट्रिकोव्हा. काही दिवसांतच सानियाने तिलाच जोडीदार म्हणून घेतले आणि दोघींनी सिनसिनाटीची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात पलीकडे मार्टिना हिंगिस होती, सानियाची कालपरवापर्यंतची जोडीदार. दुहेरीच्या जगात नाती अशीच भराभर बदलतात.

पिल्झेन शहरात १९८६ मध्ये जन्मलेली स्ट्रिकोव्हा आता निवृत्त आहे, पण तिची कारकीर्द आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी निवांत पाहावी अशी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्ट्रासबर्गला फ्रान्सविरुद्ध फेड चषकाची अंतिम लढत होती आणि झेक संघ १-२ असा मागे होता. स्ट्रिकोव्हाने आधी एकेरीत अलिझे कोर्नेला हरवून बरोबरी साधली. मग त्याच दिवशी कॅरोलिना प्लिस्कोव्हाबरोबर दुहेरी जिंकून चषक घरी नेला. २०१९ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती विम्बल्डनला एकेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे सेरेनाने तिला थोपवले. पण त्याच पंधरवड्यात तिने दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि दुहेरीत जगात पहिला क्रमांकही. जोडीदार होती तीच, सु-वेई हसिए. २०२१ मध्ये खेळ थांबवला, मुलगा झाला, आणि २०२३ मध्ये परत येऊन या दोघींनी पुन्हा विम्बल्डन जिंकले. त्याच वर्षी अमेरिकन ओपननंतर तिने रॅकेट ठेवली.

म्हणजे दुहेरीतल्या या अव्वल खेळाडूने एकेरी कधी सोडलीच नव्हती. एकेरीतही ती १६ व्या क्रमांकापर्यंत गेली होती. इथे दुहेरीचा एक नियम समजून घ्यायला हवा, कारण सगळी गोम त्यात आहे. स्पर्धेची प्रवेशयादी दोघींच्या क्रमांकांची बेरीज करून लागते, आणि कुणाचा एकेरीचा क्रमांक अधिक चांगला असेल तर तोच धरता येतो. त्यामुळे एकेरीतली वरची खेळाडू सहज दुहेरीत शिरते आणि फक्त दुहेरी खेळणारी यादीबाहेर ढकलली जाते. बक्षीस एकेरीपेक्षा कमी, तेही दोघींत वाटून. एकेरीचा आधार नसलेली मुलगी मग दुसऱ्या कुणाच्या क्रमांकाच्या आशेवर राहते. तिच्या कौशल्यात काही खोट असते असे नाही.

आपल्या मुली एकेरी लवकर सोडतात ती बहुतेकदा खर्चापायी. महूत नेमबाजीत याच्या उलट चित्र दिसते. इथल्या इन्फंट्री स्कूलमध्ये आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे घडलेल्या विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडनला पिस्तूल नेमबाजीत रौप्यपदक मिळवले. तिथे पगार, पिस्तूल, गोळ्या, प्रशिक्षक सारे सैन्याचे. टेनिस खेळणाऱ्या मुलीचे विमानाचे तिकीट सहसा बापाच्या खिशातून निघते. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. शिक्षण आणि सामने एकत्र साधायची ती एक वाट. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊला तिने मिश्र दुहेरीचे आशियाई सुवर्ण मिळवले, पहिला सेट २-६ असा गमावल्यावर. जोडीदार होते ४३ वर्षांचे रोहन बोपण्णा, आणि बातम्यांचे मथळेही बहुतांशी त्यांच्याच नावाचे.

सत्कार आणि रोख बक्षिसे पदकानंतर येतात. पैसा लागतो तो त्याआधी, सोळा ते एकवीस या वयात. सोलापूरला महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झालेल्या आहेत. तिथली एक, मग पुणे, मग इंदूर, अशा छोट्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत ठेवल्या, तर मुलींना एकेरीचे गुण रेल्वेच्या तिकिटात मिळवता येतील.