थापी हातात घेऊन बघा

तारनाक्यात जुनी बैठी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहताहेत. कॉलेजला येता-जाता आपण रोज विटांचे ढीग ओलांडतो. पण वीट लावतात कशी, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? माझं मत सरळ आहे : प्रत्येक विद्यार्थ्याने गुडघाभर उंचीची का होईना, एक भिंत स्वतः बांधावी.

यंदाच्या सुट्टीत कढीपत्त्याभोवती कट्टा घालताना मी हे काम शिकले. शिकवलं गल्लीतल्या मेस्त्रींनी. हैदराबादेत गवंड्याला मेस्त्रीच म्हणतात. पहिला धडा पाण्याचा. वीट आधी भिजवायची, कारण कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट नीट धरत नाही. मग एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवायचा. सांधा साधारण १० मिलिमीटरचा. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही, नाहीतर भेग सरळ खाली धावते. थर दोरीने, उभेपणा ओळंब्याने तपासायचा. शेवटी आठवडाभर पाणी मारायचं. ऐकायला पाच मिनिटं, पण हाताला कळायला चार दिवस लागले!

पैसे वाचतील म्हणून शिका, असं मी म्हणत नाही. घराचा भार पेलणारी भिंत जाणत्या मेस्त्रींनीच बांधावी. शिकायचं ते त्या कामाची किंमत कळावी म्हणून. नुसत्या नजरेने भिंतीचा कल ओळखणाऱ्या माणसाला आपण ‘अडाणी’ कोणत्या तोंडाने म्हणतो? आणखी एक गोष्ट : साइटवर बायका डोक्यावरून विटा वाहतात, पण थापी त्यांच्या हाती क्वचितच दिसते. ओझं चालतं, मग हुन्नर का नाही?

लॉरी बेकर हे क्वेकर ख्रिस्ती वास्तुविशारद १९४५ साली इंग्लंडहून भारतात आले. पुढे केरळात त्यांनी स्वस्त आणि देखणी घरं बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मधे पोकळी सोडायची, ही पद्धत त्यांनी रुजवली. तिने सुमारे २५ टक्के विटा वाचतात. सामान्य माणसाला कळावं म्हणून त्यांनी स्वतः चित्रं काढून पुस्तिकाही लिहिल्या. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकलेल्या माणसाने साइटवर उभं राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

‘अभ्यास सोडून हे कशाला?’ असं कोणी विचारेल. बायबलमध्ये आमोसाच्या सातव्या अध्यायात खुद्द परमेश्वर हाती ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा दिसतो. चॅपेलमध्ये तो अध्याय ऐकणाऱ्यांनी ओळंबा एकदा तरी हातात धरायला काय हरकत आहे?

म्हणून कॉलेजकडे मागणी : एन.एस.एस.च्या शिबिरात दोन दिवस बांधकामाला द्या. शिकवायला मेस्त्रींना बोलवा, मुलींच्याही हाती थापी द्या. आणि पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन मेस्त्रींनाही द्या.