टाळूची खिडकी उघडी आहे तोवर

तान्ह्या बाळाची टाळू म्हणजे आपल्या घराघरांतला जिव्हाळ्याचा विषय. न्हाऊ घालताना टाळूवर तेल थापायचं, कानटोपी घालायची आणि "अगं, टाळूला जपून हात लाव" हे वाक्य तर प्रत्येक बाळंतिणीने दहा वेळा ऐकलेलं. हलकेच बोट ठेवलं की तिथे धडधड जाणवते. साधारण वर्ष-दीड वर्षात टाळू भरून येते. तोवर तिथे हाड नसतं आणि नेमकी हीच गोष्ट डॉक्टरांच्या उपयोगाची ठरते.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदरपणच आठवतं. पण त्याच यंत्राने बाळाचा मेंदूही दिसतो. कवटीच्या हाडातून हा आवाज नीट आत जात नाही, टाळूतून मात्र सहज जातो. इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत. डॉप्लर पद्धत वापरली तर मेंदूच्या शिरांमधून रक्त किती वेगाने वाहतंय तेही कळतं. हॉर्न वाजवत येणारी एसटी जवळ येताना आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो ना, तेच हे तत्त्व. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी ते १८४२ मध्ये मांडलं.

आता मुद्द्याकडे येते. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमध्ये साधारण आठ बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. त्यातल्या काहींचं पहिल्या काही दिवसांत किंवा महिन्यांतच मोठं ऑपरेशन करावं लागतं. हृदय थांबवून त्याचं काम तेवढा वेळ यंत्राकडे देतात. कधी बाळाचं अंग खूप थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं पूर्ण थांबवावं लागतं. अशा वेळी मेंदूला रक्त पुरेसं मिळतंय का, हे कसं कळणार? पडद्यावर रक्तदाबाचा आकडा असतो. पण गावची टाकी भरलेली दिसली म्हणून शेवटच्या घरातल्या नळाला धार असतेच असं नाही. हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक!

बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत बाळाच्या कपाळावर पट्टी लावून मेंदूतल्या प्राणवायूचा अंदाज घेतात. टाळूवरची सोनोग्राफी त्यापुढे जाऊन प्रत्यक्ष प्रवाह दाखवते. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी टाळूवर ठेवून देता येईल असा छोटा, हलका डॉप्लर तयार केला. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी रक्तातून मेंदूकडे जाणारे हवेचे सूक्ष्म बुडबुडेही त्याने टिपता येतात, हे त्यांनी २०२२ मध्ये दाखवलं. प्रवाह घटलेला वेळीच दिसला तर यंत्राचा वेग वाढवता येतो, नळी नीट बसली आहे ना ते पाहता येतं. अर्थात हे तंत्र अजून सगळीकडे पोचलेलं नाही. किती घट झाली म्हणजे धोका, यावरही अभ्यास चालूच आहे.

कोणी म्हणेल, "अहो, इथे ऑपरेशनला नंबर लागायची मारामार, आणि तुम्ही मेंदूचं काय घेऊन बसलात?" हा प्रश्न खोटा नाही. जीव वाचणं पहिलं, यात वाद नाही. पण जीव वाचल्यावर त्या मुलाला चालायचंय, बोलायचंय, शाळेत जायचंय. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९८८ ते १९९२ या काळात ऑपरेशन झालेल्या बाळांची पुढे अनेक वर्षं तपासणी केली. हृदय छान चालत होतं, पण बऱ्याच मुलांना अभ्यासात, एकाग्रतेत अडचणी येत होत्या. म्हणूनच २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने अशा मुलांच्या विकासाची नियमित तपासणी व्हावी, असं सांगितलं.

आपल्याकडे काय होतं? ऑपरेशन "सक्सेसफुल" झालं की पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. तीन वर्षांनी मूल बोलत नाही, तेव्हा बोट कोणाकडे दाखवलं जातं? आईकडे! "हिने लक्षच दिलं नाही." खरं तर अशा काही बाळांच्या मेंदूची वाढ पोटात असतानाच थोडी मागे राहिलेली असते, त्यात ऑपरेशनचा ताण. यात आईचा काय दोष? पण घरात हे सांगणारं कोणी नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रश्न आधीच विचारायचे. ऑपरेशनच्या वेळी बाळाच्या मेंदूवर लक्ष कसं ठेवणार? आधी आणि नंतर टाळूतून सोनोग्राफी होणार का? घरी गेल्यावर विकासाची तपासणी कधी आणि कुठे करायची? डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. चांगल्या डॉक्टरांना असे प्रश्न आवडतात. उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारा, जमलं तर लिहून घ्या.

आणि सरकारनेही इथे थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा बाळं तपासायची, दोष आढळला तर पुढे पाठवायचं, अशी ही योजना. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राचीही त्यात सोय आहे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं प्रत्येक बाळ आपोआप त्या केंद्राच्या यादीत जायला हवं. आईने शोधत फिरायची वेळ येऊ नये. आणि जिथे तान्ह्या बाळांची ऑपरेशनं सरकारी पैशातून होतात, तिथे मेंदूवर लक्ष ठेवण्याची सोय हा चैनीचा भाग न मानता खर्चातच धरायला हवा.

टाळू एकदा भरली की ही खिडकी बंद होते, मैत्रिणींनो. ती उघडी आहे तोवर आत डोकावून घ्यावं, एवढंच.